मुलाचा कान सारखा दुखतो? काळजी नाकापासून घ्या

कानात तेल घालू नका. लसूण घालून कोमट केलेलं असो की नुसतं खोबरेल, दुखणं जिथे आहे तिथे ते पोचतच नाही. सर्दीनंतर लहान मुलांचा कान दुखतो तो पडद्याच्या आतल्या बाजूला, मध्यकर्णात. तेल पडद्याच्या बाहेरच अडतं. पडद्याला भोक पडलेलं असेल, तर मात्र तेच तेल आत जाऊन नुकसान करतं. हे शेजारच्या काकूंना पटवणं कठीण असतं, पण पटवायला हवं.

मध्यकर्णापर्यंत जाणारी वाट नाकाच्या मागून आहे. म्हणून ठाण्या-नवी मुंबईत मुलं वाढवणाऱ्या आईबाबांनी काय करावं, ते इथे क्रमाने लिहिते.

पायरी १ : आत काय चालतं ते आधी समजून घ्या

लोणावळ्याचा घाट चढताना कानाला दडा बसतो आणि आवंढा गिळला की सुटतो. तो सोडवते ती युस्टेशियन नळी. ती मध्यकर्णापासून निघून नाकाच्या मागच्या पोकळीत उघडते. मोठ्या माणसात ती साधारण ३५ मिलीमीटर लांब आणि उतरती असते. तान्ह्या बाळात जवळपास निम्मी आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे नाकातले जंतू कानात सहज चढतात.

या नळीच्या आणि तिच्या तोंडाजवळच्या मध्यकर्णाच्या अस्तरावर सिलिया असतात. पेशींवरचे हे हलते केस मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही आखूड असतात. एका पेशीवर सुमारे दोनशे, आणि सेकंदाला दहाएक वेळा फटकारे मारणारे. सगळ्यांची दिशा एकच, नाकाकडे. त्यांच्या बुडाशी पातळ पाणी असतं आणि वर चिकट थर. त्या थरात अडकलेले जंतू आणि धूळ सिलिया ढकलत घशाकडे नेतात आणि आपण नकळत गिळून टाकतो.

सर्दीचे विषाणू नेमक्या याच पेशींवर हल्ला करतात. सिलिया झडतात, उरलेल्यांचा ताल बिघडतो, अस्तर सुजून नळी बंद होते आणि आतलं पाणी आतच साचतं. सर्दी आठवड्यात बरी दिसली तरी सिलिया पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात पाळणाघरातून दुसरी सर्दी घरी आली, की पुन्हा तेच. मुलाचा कान ‘सारखाच’ दुखण्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

पायरी २ : घरातला धूर बंद करा

घोडबंदर रोडवरची बांधकामाची धूळ किंवा तुर्भ्याच्या ट्रकांचा धूर आपल्या एकट्याच्या हातात नाही. घरातला आहे. सिगारेटचा धूर सिलियांना मंदावतो, आणि घरात कोणी ओढत असेल तर मुलांना कानाचे आजार जास्त होतात हे सिद्ध झालेलं आहे. गॅलरीत उभं राहून ओढली तरी धूर खोलीत येतोच. डासांची कॉइल आणि बंद खोलीतला धूपही टाळा, मच्छरदाणी लावा. आजोबांना हे सांगायला संकोच वाटतो, तरी सांगाच.

पायरी ३ : सर्दीत मिठाच्या पाण्याने नाक मोकळं ठेवा

चिकट थर घट्ट झाला की सिलियांना तो हलवता येत नाही. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे मिठाचं पाणी. बाळासाठी मेडिकलमधून तयार सलाईनचे थेंबच आणा. मोठ्या मुलासाठी घरी करायचं तर २५० मिली पाणी खळखळून उकळा, झाकून कोमट होऊ द्या आणि त्यात चहाच्या अर्ध्या चमच्याहून किंचित कमी मीठ विरघळवा. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी न उकळता नाकात कधीच घालू नका. रोज ताजं करा, उरलेलं टाकून द्या.

मुलाला मांडीवर आडवं घ्या, मान किंचित मागे. प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब. मिनिटभर थांबा, मग उठवून पुसा. हे जेवणाआधी आणि झोपण्याआधी केलं तर जेवण आणि झोप दोन्ही सुधारतात.

नाक उघडणारे औषधी थेंब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. जास्त दिवस वापरले तर बंद केल्यावर नाक आणखी चोंदतं. गरम पाण्याच्या भांड्यावर लहान मुलाला वाफ देऊ नका, त्यात मुलं भाजतात.

पायरी ४ : नाक शिंकरायला शिकवा

एका वेळी एकच नाकपुडी, हलकेच. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं की शेंबूड नळीतून कानाकडे ढकलला जातो.

पायरी ५ : बाळाला पाजताना आणि लस देताना

अंगावर पाजलेल्या बाळांना कानाचा संसर्ग कमी होतो. बाटली द्यावीच लागली तर डोकं उंच ठेवा, आडवं पाडून बाटली तोंडात ठेवू नका. कानाला संसर्ग करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस (पीसीव्ही) २०२१ पासून देशभरात सरकारी लसीकरणात मोफत आहे : ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात कार्ड दाखवून एखादी राहिली आहे का ते बघा.

पायरी ६ : दुखणं थांबल्यावर ऐकण्याकडे लक्ष ठेवा

ही पायरी सगळ्यात जास्त हुकते. ताप गेला, कान दुखायचा थांबला, की आपण निश्चिंत होतो. पण पडद्यामागे चिकट पाणी उरू शकतं आणि ते दुखत नाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, पाठमोरं असताना हाकेला ओ देत नाही, प्रत्येक वाक्याला ‘काय?’ विचारतं. शाळेतून ‘लक्ष नसतं’ अशी तक्रार येते आणि त्यावर ते बिचारं ओरडा खातं. आधी कान तपासा, मग ओरडायचं की नाही ते ठरवा.

हे पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांत आपोआप जातं. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांनी ते लवकर जात नाही. त्याहून जास्त टिकलं तर श्रवणचाचणी आणि टिंपॅनोमेट्री करून घ्या. पडद्यामागे पाणी आहे का, हे टिंपॅनोमेट्रीत काही मिनिटांत आणि न दुखता कळतं. गरज पडली तर ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) किंवा अॅडेनॉइडचं (नाकाच्या मागे वाढणाऱ्या गाठीचं) ऑपरेशन सुचवतात. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवण संस्था हे सरकारी पर्याय आहेत.

पायरी ७ : थांबू नये अशा वेळा

कान वाहायला लागला, कानामागे सूज येऊन कान पुढे आला, तोंड वाकडं झालं, चक्कर येते, किंवा दोन दिवसांत ताप-दुखणं उतरत नाही, तर लगेच ईएनटीकडे जा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला एक दिवसही घरी ठेवू नका. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी भरून राहिलं, तर नाकाची मागची बाजू दुर्बिणीने तपासून घ्यायलाच हवी.

आणि एक विरळ शक्यता. काही मुलांच्या सिलिया जन्मतःच नीट हलत नाहीत. दिवस पूर्ण भरूनही जन्मानंतर लगेच श्वासाचा त्रास, पहिल्या दिवसांपासून वाहणारं नाक, बारा महिने ओला खोकला आणि कानात कायम पाणी, हे सगळं एकत्र असेल तर डॉक्टरांना ‘प्रायमरी सिलियरी डिस्किनेसिया’बद्दल स्वतःहून विचारा. अशा सुमारे निम्म्या मुलांचं हृदय उजवीकडे असतं, त्यामुळे छातीचा जुना एक्स-रे असेल तर तोही सोबत न्या. या मुलांना ग्रोमेट बसवल्यावर कान बराच काळ वाहत राहू शकतो. म्हणून हे विचारणं ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच करा.