पॉवर कंट्रोलर ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत भट्ट्यांच्या पॅनलवर काम करताना एक वाक्य सतत कानावर येतं: ‘एससीआर गेला.’ एससीआर म्हणजे पॉवर कंट्रोलरमधला, हीटरला जाणारी वीज कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. गडबड दुसरीकडेच असते आणि पॅनल मात्र उगाच उघडून ठेवलेलं असतं.

लोड काढून व्होल्टेज मोजणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एका हीट ट्रीटमेंट कारखान्यात 60 किलोवॉटची भट्टी होती. तीन हीटर स्टारमध्ये, म्हणजे तिन्हींचं एकेक टोक एकत्र जोडलेलं, आणि त्याला न्यूट्रल जोडलेला नाही. सेट पॉइंट 850 अंश आणि भट्टी 640 च्या पुढे सरकेना. रात्रपाळीच्या पोरांनी हीटरच्या केबल सोडल्या, कंट्रोलरचा सिग्नल शून्यावर आणला आणि आउटपुटला मल्टिमीटर लावला. दिसले 390 व्होल्ट. एससीआरची तिन्ही मॉड्यूल शॉर्ट ठरवून बदलली. पुन्हा 390. सकाळी मी पोचलो तेव्हा आणखी एक सेट मागवायची तयारी चालली होती.

‘भाऊ, नवीन मॉड्यूलही शॉर्टच निघाले.’

मी विचारलं, ‘शॉर्ट असते तर भट्टी 640 वर अडली असती का?’

शॉर्ट झालेला एससीआर करंट थांबवू शकत नाही, त्यामुळे भट्टी सेट पॉइंट ओलांडून वर पळते. इथे तर ती तापतच नव्हती. तक्रार नीट ऐकली असती तर पॅनलला हात लावायची गरजच पडली नसती.

मग ते 390 व्होल्ट आले कुठून? प्रत्येक एससीआरला समांतर एक स्नबर असतो, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 50 हर्ट्‌झला साधारण 32 किलोओहम अडथळा करतो. डिजिटल मीटरचा स्वतःचा अडथळा 10 मेगओहमच्या आसपास. त्यामुळे एससीआर पूर्ण बंद असला तरी स्नबरमधून झिरपणाऱ्या करंटवर मीटर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

माझ्या पिशवीत 200 वॉटचा साधा पिवळा बल्ब कायम असतो. आउटपुट टर्मिनल आणि पॅनलमधला न्यूट्रल यांच्यात तो लावला. अंधार. तिन्ही फेजना अंधार. सिग्नल वाढवला तसा बल्ब उजळत गेला. म्हणजे कंट्रोलर ठणठणीत. केबल परत जोडल्या, सिग्नल पूर्ण दिला आणि केबलभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला: 72, 72 आणि शून्य. भट्टी चांगली असताना तिन्ही फेजना 83 अँपिअर यायला हवेत. न्यूट्रल नसलेल्या स्टारमध्ये एक हीटर तुटला की उरलेले दोन एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि पॉवर बरोबर निम्मी होते. मेन ब्रेकर पाडून, कुलूप लावून भट्टीच्या मागे गेलो. एका हीटरच्या टर्मिनलवरचं थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी, काळं ठिक्कर पडलं होतं. बोट लावलं तर केबलचे तंतू भुग्यासारखे खाली गळले. नवं थिंबल क्रिंप केलं आणि भट्टी दुपारपर्यंत 850 ला पोचली.

क्लॅम्प मीटरने तीन फेज मोजायला एक मिनिट लागतं. ते मिनिट वाचवायला पोरांनी अख्खी रात्र घालवली.

याच स्नबरमुळे दुसरी गोष्ट. सिग्नल शून्य म्हणजे वीज बंद, असं समजून हीटरला हात लावू नका. एससीआर हा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच, नाही. ब्रेकर पाडा, कुलूप लावा, मोजा, मगच हात घाला.

साध्या फ्यूजने काम भागवणे

एससीआरसाठी सेमीकंडक्टर फ्यूज लागतो. तो महाग असतो, दुकानात लगेच मिळत नाही, म्हणून तेवढ्याच अँपिअरचा साधा एचआरसी फ्यूज ठोकतात. अँपिअर सारखे असले तरी वेग सारखा नसतो. साधा फ्यूज केबल वाचवायला बनलेला असतो. शॉर्ट झाला की तो वितळेपर्यंत एससीआर आधीच मरतो. तांब्याची तार गुंडाळलेली पाहिली की मी पुढचं काम थांबवतो. फ्यूजचा एक जादा सेट पॅनलच्या दाराच्या आत ठेवायला लावतो, तेव्हाच हात घालतो.

पॅनलसमोर कूलर

नागपूरच्या मे महिन्यात ही सवय घरोघरी, म्हणजे कारखान्याकारखान्यात दिसते. हीटसिंक (एससीआरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) तापून ट्रिप येतो, मग पॅनलचं दार उघडून समोर वाळ्याचा कूलर लावतात. ओलसर हवा आणि धूळ मिळून एससीआर चालू करणाऱ्या फायरिंग कार्डावर चिकट थर बसतो. पावसाळ्यात तेच कार्ड वेड्यासारखं वागतं. आधी हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ काढा, पंखा फिरतो का आणि हवा योग्य दिशेने जाते का बघा. बऱ्याच कंट्रोलरचं पूर्ण रेटिंग 40 ते 45 अंशांपर्यंतच असतं. त्यापुढे लोड कमी करावाच लागतो.

मीटरवर आंधळा विश्वास

30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले आणि नंतर हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पॅनलवरचा मीटरही असाच फसवतो. फेज अँगल फायरिंगमध्ये, म्हणजे एससीआर प्रत्येक लाटेत उशिराने चालू होतो तेव्हा, करंटची लाट कापलेली असते, म्हणून साधा क्लॅम्प मीटर खोटं बोलतो. कापलेल्या लाटेचाही खरा करंट दाखवणारा ट्रू आरएमएस मीटरच वापरा.

बाकी थोडक्यात. केबलला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र) मारताना कंट्रोलर सोडून घ्या, नाहीतर कार्ड तिथेच संपेल. किती वीज सोडायची ते कंट्रोलरला सांगणारा 4-20 मिलिअँपिअरचा सिग्नल टर्मिनलवर मोजल्याशिवाय कंट्रोलरला दोष देऊ नका. आणि कार्ड बदलण्याआधी जुन्या कार्डवरच्या डिप स्विचचा (सेटिंगच्या छोट्या खटक्यांचा) आणि वायरिंगचा मोबाइलवर फोटो काढा. नवं कार्ड ते बनवणाऱ्या कंपनीच्या सेटिंगवर येतं आणि तुमची भट्टी त्या सेटिंगवर चालत नाही.