कॅसिनो बोनसचा हिशेब कसा मांडावा, आणि कुठली ऑफर सोडून द्यावी

‘१०० भरा, वर १०० आमच्याकडून.’ ऑनलाइन कॅसिनोच्या पहिल्याच पानावर हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतं. ते वाचून ‘फुकटचे शंभर घेऊ आणि निघू’ असं मनात आलेल्या माणसासाठी हा लेख आहे. काही जण हा उद्योग पद्धतशीरपणे करतात. त्याला बोनस हंटिंग म्हणतात. यात हातचलाखी काही नाही, नुसती आकडेमोड आहे. मी ती काही वर्षं केली. हल्ली दहा ऑफर वाचतो आणि बहुधा दहाही सोडून देतो.

सगळ्यात आधी कायदा

तुम्ही जिथे राहता तिथे हे चालतं का, ते पाहा. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे व्यवहार हाताळणं बेकायदा ठरवलं. स्वीडनमध्ये परवानाधारक कंपनी ग्राहकाला फक्त पहिल्या वेळी बोनस देऊ शकते. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२६ पासून वेजरिंगची अट (पैसे काढण्याआधी लावायच्या एकूण बाजींची) बोनसच्या १० पटींच्या वर नेता येत नाही. ज्या साइटला तुमच्या देशाचा परवाना नाही, तिने पैसे अडवले तर दाद मागायला जागाच नसते. तिथला बोनस कितीही मोठा असो, मी त्याची किंमत शून्य धरतो.

पहिली पायरी: अटींचं पान उघडा

‘बोनस’ या शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. वेजरिंग म्हणजे पैसे काढण्याआधी एकूण किती रकमेच्या बाजी लावायच्या. ‘३५ पट’ लिहिलं असेल तर पहिला प्रश्न: कशाच्या ३५ पट? नुसत्या बोनसच्या, की भरलेली रक्कम आणि बोनस या दोन्हींच्या? १०० भरून १०० मिळवले असतील, तर पहिल्या अर्थाने ३,५०० ची उलाढाल करायची आहे आणि दुसऱ्या अर्थाने ७,००० ची. फरक एका शब्दाचा आणि बोजा दुप्पट.

दुसरा प्रश्न: बोनसची रक्कम शेवटी तुमची होते का? काही बोनस ‘स्टिकी’ असतात. ते खेळायला वापरता येतात, पण पैसे काढताना वजा होतात. मग मुदत, एका बाजीची कमाल मर्यादा आणि बोनसमधून जास्तीत जास्त किती काढता येईल, हे तीन आकडे कागदावर लिहून घ्या. फ्री स्पिन्सचं, म्हणजे स्लॉट मशीनच्या मोफत फेऱ्यांचं, तर एका वाक्यात उरकतं: ०.१० च्या २० फेऱ्या म्हणजे २ ची भेट, आणि तिच्यातून जे जिंकाल त्यावरही बहुधा वेजरिंग असतंच.

दुसरी पायरी: गुणाकार करा

सूत्र सोपं आहे. बोनसमधून, एकूण उलाढाल गुणिले हाऊस एज, वजा करा. हाऊस एज म्हणजे तुम्ही लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी किती कॅसिनोकडे राहतात तो आकडा.

९६ टक्के आरटीपीचा (म्हणजे लावलेल्या पैशातला सरासरी ९६ टक्के वाटा खेळाडूंना परत देणारा) स्लॉट घ्या, म्हणजे हाऊस एज ४ टक्के. ३,५०० च्या उलाढालीवर सरासरी १४० जातात. बोनस १०० चा. म्हणजे ‘मोफत’ शंभरासाठी तुम्ही ४० मोजताय. अट १० पट असती तर १,००० वर ४० गेले असते आणि ६० उरले असते. आणि स्लॉटचं नाव तेच असलं तरी आरटीपी तोच असेल असं नाही. बरेच स्लॉट वेगवेगळ्या आरटीपीत मिळतात आणि कुठला लावायचा ते कॅसिनो ठरवतं. खेळाच्या माहितीच्या पानावर खरा आकडा असतो. तो ९४ निघाला, तर १४० चे २१० होतात.

इथे प्रत्येकाला वाटतं, मग ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ खेळू. बरोबर आहे, नियम चांगले असतील आणि बेसिक स्ट्रॅटेजीचा (कुठल्या पत्त्यांवर काय करायचं याचा) तक्ता काटेकोर पाळला तर तिथे हाऊस एज अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. (ही पद्धत अमेरिकी लष्करातल्या चौघांनी साध्या कॅल्क्युलेटरवर आकडे ठोकून शोधली आणि १९५६ मध्ये संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापली. त्या चिकाटीचं मला अजून कौतुक वाटतं.) पण कॅसिनोवाल्यांनाही हे माहीत आहे. म्हणून अटींमध्ये कुठला खेळ किती टक्के धरला जाईल याचा तक्ता असतो. स्लॉट १०० टक्के. ब्लॅकजॅक, रुलेट अनेकदा १० टक्के, नाहीतर शून्य. १० टक्के धरले तर ३,५०० ची अट पुरी करायला ३५,००० लावावे लागतात. त्याचा अर्धा टक्का १७५. म्हणजे ‘स्वस्त’ खेळ स्लॉटपेक्षा महाग पडला. ३७ घरांच्या रुलेटवर २.७ टक्क्यांनी हाच आकडा ९४५ होतो, अर्थात त्याच्या खूप आधीच तुमचं खातं रिकामं झालेलं असेल.

त्यातच एक बारकावा आहे. खातं मध्येच शून्यावर आलं तर उरलेलं वेजरिंग करावं लागत नाही, तुमचे १०० गेले की खेळ संपला. त्यामुळे खरी सरासरी सूत्राइतकी वाईट नसते. याचाच फायदा घेणारे काही जण मोठ्या चढउताराचा स्लॉट निवडतात आणि सुरुवातीला मोठ्या बाजी लावतात. बहुतेक वेळा शंभर झटपट जातात, क्वचित मोठी रक्कम हाती लागते आणि उरलेलं वेजरिंग छोट्या बाजींनी पुरं होतं. गणित म्हणून हे चूक नाही. पण बाजीची कमाल मर्यादा आणि पैसे काढण्याची मर्यादा या दोन अटी नेमक्या याच लोकांसाठी लिहिलेल्या असतात.

तिसरी पायरी: सरासरीवर विसंबू नका

वरचा १० पटींचा बोनस घ्या, सरासरी ६० नफ्याचा. १ च्या बाजीने १,००० फेऱ्या खेळलात आणि एका फेरीतला प्रमाण विचलनाचा (निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचा) आकडा बाजीच्या ५ पट धरला, तर सगळ्या फेऱ्यांचा मिळून तो १५८ च्या घरात जातो. म्हणजे ऑफर फायद्याची असूनही तीनातली एक तरी तोट्यात जाईल, अशी तयारी हवी. सरासरी दिसायला अशा बऱ्याच ऑफर लागतात आणि तोवर तग धरायला वेगळी काढलेली, गेली तरी चालेल अशी रक्कम लागते. उधारीच्या पैशाने हे करूच नका. वेळही मोजा: ताशी ५०० फेऱ्या धरल्या तर ३,५०० फेऱ्यांना सात तास लागतात.

चौथी पायरी: खेळताना

सुरू करण्यापूर्वी अटींचे स्क्रीनशॉट घ्या, केवायसीची कागदपत्रं आधीच द्या, प्रत्येक ऑफरची नोंद तक्त्यात ठेवा. बाजीचा आकडा एकदा लावला की त्याला हात लावू नका.

हे मी अनुभवाने सांगतो. एका साइटवर मर्यादा ५ ची होती. मी १ ने खेळत होतो. पाचव्या तासाला, डोळे जड झालेले असताना, स्लॉटमधलं ‘फीचर विकत घ्या’ (जास्त पैसे मोजून थेट बोनस फेरीत जायचं) हे बटण दाबलं गेलं. ती ४० ची एक बाजी मोजली गेली. पुढे वेजरिंग पुरं झालं, शिल्लक चांगली होती, मी पैसे मागितले. तीन दिवसांनी उत्तर आलं: भरलेले १०० परत, जिंकलेली रक्कम रद्द. अट चौदाव्या कलमात होती आणि माझ्याच स्क्रीनशॉटमध्ये स्पष्ट दिसत होती.

काय करू नये

घरच्यांच्या, मित्रांच्या नावाने खाती उघडू नका. ही फसवणूक आहे आणि केवायसीला सापडतेच. रुलेटवर लाल आणि काळ्यावर एकाच वेळी लावून उलाढाल वाढवणं हेही अटींमध्ये ‘अनियमित खेळ’ म्हणून नोंदलेलं असतं. शिवाय शून्य आलं की दोन्ही बाजू जातात. आणि प्रामाणिकपणे खेळूनही सतत जिंकलात, तर एक दिवस ईमेल येतो की तुमचं खातं यापुढे बोनसला पात्र नाही. ज्याला दर आठवड्याला ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून ऑफर येत राहते, त्याने आपला तक्ता उघडून बेरीज पाहावी.

सर्वात मोठा धोका मात्र अटींच्या पानावर नसतो. वेजरिंग संपल्यावरही बोट फिरत राहतं, गेलेले भरून काढावेसे वाटतात, तक्त्यात एखादी नोंद ‘नंतर’ म्हणून टळते. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने जुगाराचा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर ठेवला, तो उगाच नाही. नोंद लपवावीशी वाटली त्या दिवशी खात्यातल्या ‘सेल्फ एक्सक्लूजन’च्या पर्यायाने स्वतःला बंद करून घ्या आणि घरात कुणाला तरी सांगा.

शेवटची पायरी: पैसे काढणं

वेजरिंग पुरं झाल्याचं दिसताच पूर्ण रक्कम काढायची विनंती टाका. ती मंजूर व्हायला काही साइट मुद्दाम दिवस लावतात आणि तोवर शेजारी ‘विनंती रद्द करा, खेळत राहा’ असं मोठं बटण ठेवतात. विनंती टाकली की लॉगआऊट व्हा, ॲप काढून टाका, आणि पैसे बँकेत आल्यावरच तक्त्यात नफा लिहा.