कडबनवाडीच्या माळावर शिकारी पक्षी पाहण्यासाठी जाताना

इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ वरवर ओसाड दिसत असला, तरी युरोप आणि मध्य आशियातून येणारे भोवत्ये, म्हणजेच हॅरियर हे शिकारी पक्षी, हिवाळा अशाच माळांवर काढतात आणि रात्री झाडावर न बसता जमिनीवरच, गवतात विसावा घेतात. म्हणून आपल्या सहलीची सारी तयारी ही गोष्ट ध्यानात ठेवूनच करावी.

वन विभागाच्या गवताळ प्रदेश सफारीचे आरक्षण आधी झालेले असावे, सोबत स्थानिक मार्गदर्शक असावा आणि गाड्या शक्य तितक्या कमी न्याव्यात. पूर्ण बूट आणि आत जाड मोजे घालावेत, कारण कुसळे पायात शिरली की पुढचे लक्ष सगळे तिकडेच जाते. कपडे मातकट रंगाचे असावेत. पाणी आणि डबा प्रत्येकाने आपापला आणावा.

आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी व बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण पुरेशी आहे. निघण्यापूर्वी मात्र क्षेत्रपुस्तिकेतील, म्हणजे पक्षी ओळखण्याच्या पुस्तकातील, भोवत्यांच्या जातींची पाने नीट वाचावीत. माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराला पंखाच्या वरच्या बाजूस काळा पट्टा असतो, तर पांढुरक्या भोवत्याच्या नराच्या पंखटोकाला केवळ काळी पाचर दिसते. माद्यांची ओळख खरोखर कठीण आहे: पांढुरक्या भोवत्याच्या मादीला गालावरील गडद डागामागे फिकट गळपट्टी असते, ती दिसली नाही तर नुसते ‘भोवत्या’ असे लिहावे. अशी नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

गवतावरून अगदी कमी उंचीवर, पंख किंचित वर उचलून तरंगणारा हा पक्षी घुबडासारख्या चेहऱ्याच्या साहाय्याने खालची सळसळही टिपतो, त्यामुळे बोलणे टाळावे, पायवाट सोडू नये आणि छायाचित्रासाठी त्याच्या मागे गाडी नेऊ नये. सफारीची वेळ संपण्यापूर्वी बाहेर पडावे, आणि रातथाऱ्याची, म्हणजे पक्षी रात्री विसावतात ती, जागा लक्षात आली, तर तिचे अचूक ठिकाण कोणत्याही जाहीर नोंदीत देऊ नये.

नोंदवहीत नाकतोड्यांसाठी वेगळा रकाना ठेवावा. भारतात भोवत्यांच्या आहारात नाकतोड्यांचा मोठा वाटा असतो, आणि शेतातील कीटकनाशकांमुळे तेच घटतात. गावात कोणी माळावर झाडे लावण्याचा विषय काढल्यास, गवत मोकळे राहिले तरच हे पक्षी टिकतात, हे आदराने पण ठामपणे सांगावे. चांगल्या हेतूने केलेली दाट लागवडही हा अधिवास संपवू शकते.

जखमी पक्षी आढळण्याची शक्यता धरून प्रत्येक गाडीत हवेसाठी छिद्रे पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, जाड हातमोजे आणि जुना टॉवेल ठेवावा. पक्षी सापडल्यास आधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून त्यांच्या सूचनेप्रमाणे वागावे आणि त्याच्या चोचीत पाणी किंवा मांस घालू नये. उचलण्यास सांगितल्यास डोळ्यांवर टॉवेल टाकून, पंजे सांभाळून त्याला खोक्यात ठेवावे आणि वनकर्मचारी येईपर्यंत खोके शांत, सावलीच्या जागी बंद राहू द्यावे.