रंगमंचावरून कॅमेऱ्यासमोर: पडद्यावरील अभिनयाची तयारी कशी करावी

महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत अभिनयाची दोन-चार पारितोषिके मिळवलेला तरुण पहिल्यांदा मालिकेच्या ऑडिशनला जातो, जीव ओतून उतारा सादर करतो आणि ‘चांगलं आहे, पण जरा नाटकी होतंय’ एवढे एक वाक्य ऐकून बाहेर पडतो. या अनुभवातून बहुतेक जण जो निष्कर्ष काढतात, तो मात्र घातक ठरतो. ‘कॅमेऱ्यासमोर कमी करायचे असते’ असे ते मनाशी ठरवतात, पुढच्या वेळी खरोखरच काही करत नाहीत आणि मग चेहरा कोरा राहतो. नाटकात भावना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी नटाची असते. चित्रीकरणात ते काम कॅमेरा आणि माइक करतात. नटाकडे उरते ते विचार करणे, समोरच्याचे ऐकणे आणि हे दोन्ही सांगितल्या जागी, सांगितल्या वेळी, पुन्हापुन्हा करून दाखवणे. पडद्यासाठीचे प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः या पुन्हापुन्हा करण्याची सवय, आणि तिचा बराचसा भाग घरी, मोबाइल फोनच्या साहाय्याने घडवता येतो.

तरीही सुरुवात नाटकापासूनच करावी, असे माझे मत आहे. पुण्यात १९६३ पासून होत असलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेसाठी आठवडेच्या आठवडे रोज संध्याकाळी तालीम करणाऱ्या विद्यार्थ्याला संहिता वाचण्याची, पाठांतराची, दुसऱ्याचे वाक्य पूर्ण ऐकण्याची आणि दिग्दर्शकाची सूचना तत्काळ अमलात आणण्याची जी शिस्त लागते, ती पंधरा दिवसांच्या कार्यशाळेत लागत नाही. ज्यांचे महाविद्यालयीन वय उलटून गेले आहे, त्यांनी राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या हौशी संस्थेत एक-दोन वर्षे काढावीत. तेथे झाडलोट आणि नेपथ्य उचलण्यापासून सुरुवात झाली तरी बिघडत नाही.

याच काळात वाणीकडे लक्ष द्यावे. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत आणि कॅमेरा सात्त्विक अभिनयाला फार जवळून न्याहाळतो हे खरे आहे. पण म्हणून वाचिक अभिनय सैल सोडून चालत नाही. ‘चार’मधला आणि ‘चारा’मधला च वेगळा उच्चारता येणे, ण आणि ळ यांना पुरेसा वेळ देणे, वाक्याच्या अखेरीस श्वास संपून शेवटचे क्रियापद पुटपुटले न जाणे, या गोष्टी रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचन करूनच साधतात. घरची बोली मात्र पुसून टाकू नये. मालवणी, वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी बोली ज्याच्या जिभेवर जन्मापासून आहे, त्याच्याकडे एक भांडवल आहे. प्रमाण भाषा ही तिच्या जोडीला शिकायची दुसरी भाषा आहे, असे समजावे.

फोनसमोरचा अभ्यास

फोन डोळ्यांच्या उंचीवर, चार-पाच फुटांवर पक्का बसवावा. दहा-बारा ओळींचा एक साधा संवाद निवडावा आणि तोच तीन चौकटींत टिपावा: एकदा पूर्ण आकृती, एकदा कमरेपासून वर आणि एकदा केवळ चेहरा. चित्रण पाहताना आधी आवाज बंद ठेवावा. संवाद ऐकू येत नसताना पात्राच्या मनात काय चालले आहे हे कळते का, आणि चेहऱ्यावर विनाकारण काय हलते आहे, हे तेव्हाच दिसते. बहुतेकांच्या भुवया प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर वर जातात. रंगमंचावर ती सवय कुणाच्या लक्षातही आलेली नसते, पण चेहऱ्याच्या चौकटीत ती ओरडून सांगितल्यासारखी वाटते. त्यानंतर चित्र न पाहता केवळ आवाज ऐकावा. माझ्या पहिल्या चित्रीकरणात ध्वनिमुद्रकाने हेडफोन कानावरून काढून मला शांतपणे विचारले होते, ‘मी इथेच आहे, तुम्ही कोणाला हाक मारताय?’ कपड्यांत लपवलेला माइक हनुवटीपासून वीतभर अंतरावर असतो, याचा मला पत्ताच नव्हता. आवाज खाली आणताना व्यंजने मात्र स्पष्ट राहिली पाहिजेत. हळू बोलणे आणि अस्पष्ट बोलणे यांतला फरक कान तयार झाल्याशिवाय कळत नाही.

दुसरा अभ्यास ऐकण्याचा आहे आणि मी याला सर्वाधिक वेळ देण्यास सांगतो. समोर एका मित्राला बसवून त्याला तीन-चार मिनिटे एखादी खरी घटना सांगू द्यावी आणि कॅमेरा केवळ ऐकणाऱ्यावर ठेवावा. त्यानंतर लिहिलेला प्रसंग घेऊन हेच करावे. खरे ऐकताना डोळे, श्वास आणि मान ज्या रीतीने वागतात आणि पाठ केलेल्या संवादात आपली पाळी येण्याची वाट पाहताना ज्या रीतीने वागतात, त्यांतली तफावत पाहून पुष्कळांना धक्का बसतो. संकलक अनेकदा बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा वापरतो, म्हणून हा वेळ वाया जात नाही. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग येथे आठवावा. एका नटाच्या चेहऱ्याचे एकच चित्रण कधी सूपाच्या वाडग्याला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवले असता, प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक तर कधी दुःख दिसले, असे सांगितले जाते. याचा अर्थ नटाने काही करू नये असा अजिबात नाही. शेजारचे चित्र जे सांगणार आहे, ते आपण पुन्हा चेहऱ्याने समजावून सांगू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे.

नजरेचेही तंत्र आहे. निवेदन किंवा ओळख करून देणे सोडल्यास भिंगात पाहायचे नसते. समोरचे पात्र भिंगाच्या अगदी लगत, डावीकडे किंवा उजवीकडे आहे असे मानून तेथे एक ठिपका लावावा आणि त्याच्याशी बोलावे. दोन डोळ्यांपैकी कधी याच्यात तर कधी त्याच्यात पाहू लागल्यास जवळच्या चौकटीत बुबुळे सतत सरकताना दिसतात, म्हणून समोरच्याचा कॅमेऱ्याकडचा एकच डोळा निवडावा.

तुकड्यांत जगण्याची सवय

नाटक पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत सलग वाहते. चित्रीकरणात मात्र सकाळी शेवटचा प्रसंग आणि दुपारी पहिला, असे सर्रास घडते. जागा, प्रकाश आणि सहकलाकारांच्या तारखा यांवर तो क्रम ठरतो. एकच प्रसंग आधी दूरच्या चौकटीत संपूर्ण टिपला जातो, ज्याला मास्टर म्हणतात, आणि नंतर प्रत्येकाच्या खांद्यावरून व जवळून पुन्हा घेतला जातो. मालिकांत दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालतात, त्यामुळे पुनरावृत्ती कमी होते. पण संवादाची पाने अनेकदा सेटवरच हाती पडतात आणि पाठांतराला जेमतेम अर्धा तास मिळतो.

यासाठी दोन सराव उपयोगी पडतात. चहा पीत संवाद म्हणावा आणि कप कोणत्या शब्दावर उचलला, कोणत्या शब्दावर ठेवला, कोणत्या हाताने, हे लिहून ठेवून तोच प्रसंग सहा वेळा तंतोतंत करावा. हीच कंटिन्यूटी होय. ती सांभाळण्यासाठी सेटवर सहायक असतो, तरी ज्या नटाचा हात दर टेकला, म्हणजे प्रसंगाच्या प्रत्येक चित्रणात, वेगळ्या शब्दावर उठतो, त्याचे जवळचे चित्रण चांगले असूनही संकलकाला टाकून द्यावे लागते. सहाव्या वेळी हालचाल तीच आणि विचार ताजा असेल, तर सराव जमू लागला असे समजावे. दुसऱ्या सरावात एका कथेचे सात प्रसंग चिठ्ठ्या टाकून उलटसुलट क्रमाने करावेत आणि प्रत्येकापूर्वी वहीत तीन ओळी लिहाव्यात: याच्या आधी काय घडले, मी आता कोठून आलो, मला समोरच्याकडून काय हवे आहे. अनुभवी नटांच्या संहितेच्या समासांत अशा खुणा दाटीने दिसतात.

मार्कचा, म्हणजे नटाने नेमके जेथे थांबायचे त्या खुणेचा, सराव लहान आहे, पण तो वगळू नये. जमिनीवर खडूने खूण करावी, त्या खुणेवरून उलटे चालत जाऊन पावले मोजावीत आणि मग खाली न पाहता त्याच पावलांनी परत यावे. कॅमेऱ्याचा फोकस त्या खुणेवर लावलेला असतो, त्यामुळे वीतभर पुढे थांबले तरी चेहरा अंधुक दिसू शकतो.

संस्थेत जावे का?

शक्य असल्यास जरूर जावे. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली स्थापन झालेली फिल्म इन्स्टिट्यूट पदवीधरांसाठी पडद्यावरील अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवते. दिल्लीची राष्ट्रीय नाट्य शाळा रंगमंचाचे तीन वर्षांचे शिक्षण देते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यशास्त्राची अकादमी आणि पणजीची कला अकादमी हे मराठी विद्यार्थ्याला जवळचे पर्याय आहेत. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी हे दोघेही राष्ट्रीय नाट्य शाळेतून बाहेर पडल्यावर पुन्हा पुण्याला चित्रपटाभिनय शिकायला आले होते, हे ‘एवढी नाटके केली, आता आणखी काय शिकायचे’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. दुसरीकडे, स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत असतानाच चित्रपटांकडे वळल्या, तेव्हा प्रवेश हुकला म्हणून दारे बंद झाली असेही नाही.

माझ्या मते चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेचा मोठा लाभ वर्गाबाहेर आहे: तेथे दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन शिकणारी समवयस्क मुले भेटतात. हा लाभ बाहेरूनही मिळवता येतो. पुण्या-मुंबईतील माध्यम महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमासाठी लघुपट करावे लागतात आणि त्यांना नट हवे असतात. अशा लघुपटांत विनामूल्य काम करावे, मात्र तयार चित्रणाची प्रत मिळेल हे आधी ठरवून घ्यावे, आणि जमल्यास एक दिवस संकलनाच्या टेबलाशेजारी बसावे. आपलाच कोणता टेक निवडला गेला व का, हे पाहताना जे कळते ते फार मोलाचे असते.

प्रमाणपत्र आणि ‘हमखास भूमिका’ यांचे आश्वासन देऊन मोठी रक्कम घेणाऱ्या वर्गांपासून दूर राहावे. ऑडिशनसाठी नोंदणी शुल्क मागणारा माणूस भूमिका देणारा नसतो. भूमिकेविषयी बोलण्यासाठी रात्री हॉटेलच्या खोलीवर बोलावणे आले, तर दिवसा कार्यालयातच भेटू असे सांगावे.

ऑडिशन आणि उदरनिर्वाह

आता पहिली फेरी बहुधा घरून पाठवलेल्या चित्रफितीचीच असते. फोन आडवा धरावा, मागे साधी भिंत असावी आणि खिडकी पाठीशी न ठेवता समोर ठेवावी. नाव, वय, उंची आणि गाव सांगून समोरून, डावीकडून व उजवीकडून चेहरा आणि शेवटी हातांच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात. मग उतारा. समोरचे संवाद वाचणाऱ्या मित्राने फोनच्या लगत बसून हळू वाचावे, नाहीतर त्याचाच आवाज आपल्यावर मात करतो. एकाच उताऱ्याचे दोन वेगळे अर्थ लावून दोन चित्रफिती पाठवल्या तर चालते. पाच पाठवू नयेत. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगर परिसरात प्रत्यक्ष ऑडिशनसाठी जाताना पुरेसे आधी पोहोचावे, कारण तेथे तासन्‌तास थांबावे लागते आणि ऐनवेळी नवीन पान हाती येते. अनोळखी पान पाच मिनिटांत वाचून उभे राहण्याचा सराव म्हणूनच घरी रोज करावा. त्यासाठी वर्तमानपत्रातील कोणतीही मुलाखत पुरते.

पैशांचा हिशेब आधी मांडावा. दूरचित्रवाणीत कामाचे पैसे अनेकदा ९० दिवसांनी हाती येतात, आणि दोन कामांमधला काळ किती लांबेल हे कोणी सांगू शकत नाही. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घसा तज्ज्ञ होते आणि १९६९ पर्यंत त्यांनी वैद्यकीय व्यवसाय सांभाळूनच नाटके केली. शिकवण्या, अनुवाद, डबिंग असे वेळ हातात ठेवणारे काम जवळ असेल, तर पडेल ती भूमिका स्वीकारण्याची पाळी येत नाही.

पहिले काम मिळाले की ते बहुधा एका दिवसाचे आणि चार वाक्यांचे असते. त्या दिवशी आपले जवळचे चित्रण संपल्यावर कॅमेरा वळतो आणि समोरच्या नटाचे चित्रण सुरू होते. अशा वेळी फोन घेऊन बाहेर जाऊ नये. कॅमेऱ्याच्या लगत, त्याची नजर जेथे हवी तेथे उभे राहून, आपण पडद्यावर दिसणार नाही हे ठाऊक असतानाही आपली चारही वाक्ये पहिल्या टेकइतक्याच मनापासून बोलावीत.