पाणंदीत गाडी घालण्याआधी: डिकीत काय, किती आणि कुठे

बेळगावहून जांबोटीकडे वळलं की तांबडी माती आणि जांभा लागतो; बैलहोंगल, सौंदत्तीकडे गेलं की काळी रानं. कच्च्या रस्त्यावर पहिल्यांदाच गाडी घालणारा या दोन्हींसाठी एकच सामान भरतो, आणि तेही व्हिडिओ बघून: बंपरला विंच (दोर गुंडाळून गाडी ओढायचं यंत्र), टपावर दिव्यांची पट्टी. हवा मोजायचं गेज मात्र नसतं. नवशिक्याला लागणाऱ्या वस्तूंचा क्रम साधा आहे: आधी हवा, मग खोरं, मग दोर, मग बाकीचं. विंच या यादीत येतच नाही.

इथे धरलेलं आहे ते असं: कंपनीतून आली तशीच एसयूव्ही, फोर-बाय-फोर असेल किंवा नसेल, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, शक्यतो दोन गाड्या. एकटीच गाडी असेल तर जिथवर वडाप (शेअर जीप) जातं त्याच्या पुढे जाऊ नये. वडाप जातं तिथे माणसं असतात, आणि माणसं असतील तर ट्रॅक्टरही असतो.

आदल्या दिवशी, घराच्या दारात

पहिलं काम खरेदीचं नाही. गाडीतला जॅक आणि पाना काढा आणि चारही चाकांचे नट एकेकदा सैल करून परत आवळा. गॅरेजमध्ये गनने आवळलेले नट गाडीबरोबर आलेल्या आखूड पान्याने बऱ्याचदा हलतच नाहीत, आणि हे चिखलात कळण्यात मजा नाही. दोन फुटी लोखंडी पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला की काम होतं. तो पाइप कायमचा गाडीत टाका. हा पाइप सोडवण्यासाठी आहे. आवळताना तो वापरून अंगाचा भार टाकला तर स्टड तुटतो. अलॉय व्हीलला चोरीविरोधी नट असेल तर त्याची चावी कपाटात नाही, गाडीत आहे याची खात्री करा.

स्टेपनीत हवा भरताना इतर चाकांपेक्षा ३–४ पीएसआय जास्त भरा. आयत्या वेळी काढता येते, घालणं अवघड. मग गाडीखाली वाकून ओढायचा हुक शोधा. बऱ्याच गाड्यांना बंपरच्या झाकणामागे आटे असतात आणि त्यात बसवायचा डोळा, म्हणजे आट्यांची कडी, टूलकिटमध्ये असतो. तो एकदा शेवटपर्यंत फिरवून बसवून बघा. काही गाड्यांत आटे उलटे असतात. हा स्क्रूचा डोळा बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर टोचन करून नेण्यासाठी असतो. रुतलेल्या गाडीला झटका देऊन काढायला तो नाही, तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. चेसीवर दोन बोल्टांनी बसवलेला जाड हुक असेल तरच झटक्याचा विचार. खाली पत्र्याला असलेल्या पातळ कड्या कंटेनरमध्ये गाडी बांधायच्या असतात, त्यांना हात लावू नये.

हवा

सर्वांत जास्त उपयोग हिचा, म्हणून यात काटकसर नको. घ्यायचं ते एवढं: हवा मोजायचं गेज, व्हॉल्व्हची पिन काढायची चावी, दोन जादा पिना, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, आणि ट्यूबलेस पंक्चरचा डबा. डब्यात टोच्या, सुई, सोल्यूशन, पक्कड, ब्लेड आणि किमान दहा वाती (भोकात खुपसायच्या रबरी पट्ट्या).

दाराच्या स्टिकरवर ३२ पीएसआय लिहिलं असेल तर जांभ्याच्या सुट्या खडीवर २४–२६ ठेवा. तांबड्या चिखलात १८–२०. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नये, वळताना टायर रिमवरून निसटतो. हवा कमी केली की टायर लांबट बसतो, जमिनीला जास्त धरतो, दगडावरून उडायच्या ऐवजी त्याला लपेटून जातो. त्याबरोबर त्याची कडही बाहेर फुगते, आणि जांभ्याची धार नेमकी तिथे लागते. कडेला फाटलेल्या टायरला वात लागत नाही, स्टेपनीच लावावी लागते. म्हणून हवा कमी असताना ताशी ३०–४० च्या वर नाही आणि वळण हळू.

पिन पूर्ण बाहेर काढली तर हवा झपाट्याने जाते हे खरं, पण भाताच्या खाचराशेजारी ती बोटातून निसटली की सापडत नाही. गेजच्या टोकाने किंवा खिळ्याने दाबून सोडा. पहिल्या चाकाला किती वेळ लागला ते मोजा आणि बाकीच्या तिघांना तेवढाच द्या.

कॉम्प्रेसर घेताना एक गोष्ट बघायची: वायरीच्या टोकाला लायटरचा प्लग आहे की बॅटरीचे चिमटे. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. मोठा पंप त्यावर चालवला की फ्यूज उडतो आणि त्याबरोबर फोनचं चार्जिंगही जातं. चिमटेवाला घ्या, इंजिन चालू ठेवून लावा. छोट्या प्लगवाल्याने चार टायर भरायला सहज पाऊण तास जातो, आणि मध्ये मध्ये त्याला थंड होऊ द्यावं लागतं.

खोरं, फळी, पोती

घडीची, चकचकीत मिलिटरी फावडी दिसायला छान, पण कामाला शेतातलं खोरं. दांडा डिकीत मावेल एवढा, दोन ते अडीच फूट, कापून घ्या. सोबत प्लायवूडची एक फूट बाय एक फूट, इंचभर जाडीची फळी. जॅक ओल्या मातीवर ठेवला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो, फळी त्यासाठी. रिकामी गोणपाटाची पोती चार घ्या. तयार रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी प्लास्टिकच्या फळ्या) घेतले तर उत्तमच, पण त्यांच्यावर चाक जोरात फिरवलं की खिळ्यांसारखे दात वितळून गुळगुळीत होतात. पोतं असो की बोर्ड, चाकाच्या तोंडाशी घट्ट खुपसायचं, पहिल्या किंवा लो गिअरला सावकाश सोडायचं, आणि मागे कोणी उभं राहायचं नाही. पोतं चाकाखालून सटकून मागे फेकलं जातं.

पाणंदीत गाडी अडकते ती बहुतेक वेळा चाकांमुळे नाही. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल झालेल्या असतात, मधला उंचवटा तसाच असतो, आणि गाडीचं पोट त्याच्यावर टेकतं. चाकं मग लोंबकळतात. अशा वेळी चाकासमोर कितीही खणलं तरी उपयोग नाही. पोटाखालची माती ओढून काढायची. म्हणूनच खोरं. फावडं पुढे ढकलतं, खोरं आपल्याकडे ओढतं, आणि गाडीखाली ओढायचीच जागा असते.

काळ्या मातीसाठी एक खुरपं जास्तीचं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला पिठासारखी चिकटते. टायरची नक्षी दोन फेऱ्यांत भरून जाते, मग हवा कितीही कमी करा, गुळगुळीत गोळाच फिरत असतो. वर मडगार्डच्या आत माती दाबून बसते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. खुरप्याने ती खरवडल्याशिवाय कोणतीही ओढाओढ वाया जाते. खरं सांगायचं तर पाऊस पडलेल्या काळ्या रानात सामान न्यायचं नसतंच, डांबरीवर थांबायचं असतं.

रुतलेल्या गाडीत एसी लावून बसण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का बघा. ते चिखलात बुजलं असेल तर धूर आत येतो.

दोर आणि ट्रॅक्टर

दोन प्रकारचे पट्टे मिळतात आणि दुकानदार दोन्हींना टोचन पट्टाच म्हणतो. पॉलिस्टरचा जवळजवळ ताणत नाही, तो सावकाश ओढायला. नायलॉनचा ताणतो आणि परत आखडतो, तो झटक्याने काढायला. नवशिक्याने पहिला घ्यावा: ८–९ मीटर लांब, आणि भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट तुटण्याची क्षमता. सामानासकट सव्वादोन–अडीच टनांच्या गाडीला ८ टनी चालतो. टोकाला शिवलेले फास हवेत, लोखंडी आकडे नकोत.

सोबत दोन शॅकल (पट्टा हुकाला जोडायची पिनवाली लोखंडी कडी), ४.७५ टनी. आता इथे गोंधळ होतो: पट्ट्यावरचा आकडा तुटण्याचा असतो, शॅकलवरचा रोज वापरायच्या भाराचा, म्हणून ४.७५ टनी शॅकल ८ टनी पट्ट्यापुढे कमकुवत नसतं. त्याची पिन २२ मिलिमीटरची असते, हुकात जाते का ते घरीच बघा. लावताना पिन पूर्ण आवळून पाव आटा मागे. नाहीतर ताणानंतर सुटत नाही.

ओढायला प्रत्यक्षात येतो तो शेजारच्या रानातला ट्रॅक्टर, ऊसतोडीच्या दिवसांत तर हमखास. त्याच्याकडे साखळी किंवा वायर रोप असतं आणि झटका द्यायची सवय असते. दोन्ही नम्रपणे टाळायचं. ट्रॅक्टरवाल्या मामांना आपला पट्टा द्या आणि क्रम असा ठेवा:

१. चाकांपुढची आणि पोटाखालची माती आधी काढा. खणलेली गाडी निम्म्या ताकदीत निघते.
२. शक्यतो आली त्या दिशेनेच मागे ओढा; तिकडची जमीन कशी आहे हे माहीत असतं.
३. पट्टा चेसीच्या हुकाला. ट्रॅक्टरकडे खालच्या ड्रॉबारला (ट्रॉली जोडायच्या दांड्याला), वरच्या लिंकला नाही. वर बांधलं तर ट्रॅक्टर पुढून उठतो.
४. पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं टाका. तुटला तर उसळी कमी होते.
५. पोरं जमतातच. पट्ट्याच्या दीडपट लांब उभी करा, सरळ रेषेत कोणी नको.
६. ढिलाई सावकाश संपू द्या, पट्टा ताठ झाल्यावरच ओढ. गाडीतल्याने त्याच वेळी हलका अॅक्सिलरेटर द्यायचा.

बैलहोंगलकडे कन्नडच चालतं. ‘हग्ग’ म्हणजे दोर, ‘निधान’ म्हणजे हळू, ‘निल्लिसी’ म्हणजे थांबवा. निदान मधला शब्द पाठ असू द्या. ट्रेलर ओढायच्या गोल बॉलला पट्टा कधीही अडकवू नका. तो तुटून काचेतून आत येतो आणि अशाने जगभरात माणसं मेली आहेत.

बाकीचं, भराभर

फ्यूजचा संच, इन्सुलेशन टेप, बाइंडिंग वायर, केबल टाय, एमसील, लिटरभर इंजिन ऑइल, दोन लिटर कूलंट, जाड हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी, ताडपत्रीचा तुकडा. पाच फुटी काठी ओढ्यासाठी: आधी पायी उतरून तळ बघायचा, चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर परत फिरायचं. गढूळ आणि वाहतं असेल तर उतरायचंही नाही. पिण्याचं पाणी माणशी चार लिटर. शेंगदाणे, गूळ, चिवडा. बेळगावचा कुंदा (खव्याची मिठाई) नेला तर डबा उन्हात ठेवू नका.

जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात जळवा असतात, मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा. तिथे रेंज जाते-येते. नकाशा आधीच उतरवून घ्या. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. साप चावल्यास आवळून बांधू नका, कापू नका, हालचाल कमी ठेवून सरकारी दवाखाना गाठा. कोयता-कुऱ्हाड नेऊ नये. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा, आणि गाडीत कोयता असेल तर नाक्यावर उत्तरं देत बसावं लागतं. कॅनमधून पेट्रोल नेण्यापेक्षा खानापुरात टाकी भरा.

भरायचं कसं

जड ते खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकून: पाण्याचा कॅन, हत्यारं, शॅकल. सुटं शॅकल आदळल्यावर दगडासारखं डोक्याकडे येतं, म्हणून झाकणाच्या पेटीत, आणि पेटी रॅचेटच्या पट्ट्याने डिकीच्या कड्यांना. रबरी दोऱ्या ताणतात, त्या नकोत. टपावर फक्त हलकं आणि तेही नसलं तर बरं. वजन वर गेलं की उतारावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही.

खोरं, पट्टा आणि पोती सर्वांत वर, दार उघडताच हाताला येतील अशी. पट्टा तर निघतानाच हुकाला लावून बंपरवर गुंडाळलेला बरा, कारण रुतल्यावर हुक चिखलाखाली असतो आणि चाचपडत शोधावा लागतो.

परत डांबरीला लागताना आधी हवा भरा, मगच वेग. घरी आल्यावर रिमच्या आतली माती पाण्याने काढा, काळी असेल तर वाळायच्या आत. ती एका बाजूला वाळून बसली की ताशी ७०–८० ला स्टीअरिंग थरथरतं, आणि माणूस विनाकारण अलाइनमेंटवाल्याला पैसे देऊन येतो.