डाययुरेटिक हा शब्द मला व्हायव्हात अडला तेव्हा

यंदा नर्सिंगला ॲडमिशन झालेल्या दोघीतिघी विचारत होत्या की ताई फार्माकोलॉजी म्हणजे औषधांचा विषय पाठ कसा करायचा, म्हणून हे लिहितेय. पाठ करू नका, शब्द फोडायला शिका. एकच शब्द घेऊन सांगते, डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवणारं औषध.

मी जत तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग नर्सिंगसाठी सांगलीला आले. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडमनी विचारलं यातल्या 'डाय'चा अर्थ काय, मी म्हणलं दोन, कारण कार्बन डायऑक्साइड डोक्यात पक्कं बसलेलं. चुकलं. तो डाय वेगळा, हा ग्रीक 'दिआ' आहे, म्हणजे मधून, आरपार. पुढचा भाग 'ऊरॉन' म्हणजे लघवी, दोन्ही मिळून ग्रीकमध्ये लघवी करणं असा शब्द झाला आणि तो लॅटिन, फ्रेंच असा फिरत इंग्रजीत आला. एवढं कळलं की बाकीचं आपोआप सुटत जातं बघा. डायबेटिस, डायलिसिस, डायरिया, सगळ्यात हाच दिआ, डायरिया म्हणजे तर आरपार वाहणं. आणि ऊरॉन युरेटर, युरेथ्रा या लघवीच्या नळ्यांच्या नावात आहे, लघवी कमी झाली की ऑलिग्युरिया, लघवीत रक्त आलं की हिमॅच्युरिया.

आपल्याकडं याला मूत्रल म्हणतात. आयुर्वेदात वात वाढवणारं ते वातल, पित्त वाढवणारं ते पित्तल, तसंच लघवी वाढवणारं ते मूत्रल. चरकसंहितेत मूत्रविरेचनीय म्हणून दहा औषधांचा गट दिलाय, त्यात दर्भ आहे, पाषाणभेद आहे आणि श्वदंष्ट्रा पण आहे. श्वदंष्ट्रा म्हणजे कुत्र्याचा दात, म्हणजेच गोखरू, म्हणजे आपला सराटा! आमच्या माळावर शाळेला जाताना चपलेत घुसायचा तोच. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की लगेच घरी फोन करून सांगितलं.

आता काम कसं होतं ते. किडनी दिवसाला साधारण १८० लिटर गाळते, बाहेर पडते दीड लिटरच्या आसपास, बाकी सगळं परत रक्तात. बहुतेक डाययुरेटिक मीठ परत घेणं अडवतात, आणि मिठामागं पाणी जातंच. किडनीतल्या बारीक नळीला हेन्लेचा लूप नावाचं एक वळण असतं, फ्युरोसेमाइड हे डाययुरेटिक त्या लूपमध्ये काम करतं, थायाझाइड त्याच्या पुढं. या दोन्हीत पोटॅशियम पण निघून जातं, स्पायरोनोलॅक्टोन मात्र ते राखून ठेवतं. कुठली गोळी कुठं काम करते हे नळीचं चित्र काढूनच करा, नुसतं वाचून राहत नाही.

फ्युरोसेमाइडचं लॅसिक्स हे नाव 'लास्ट्स सिक्स' वरनं आलं असं शिकवतात, परिणाम साधारण सहा तास. मला त्याची खरी किंमत मिरजेत वॉर्डला लागल्यावर कळली. एक आज्जी पाय सुजून ॲडमिट झालेल्या, घरी ही गोळी रात्री जेवल्यावर घ्यायच्या, मग रात्रभर उठबस, शेवटी वैतागून गोळीच बंद केली. त्यांना डाययुरेटिक म्हणून काय कळणार? डॉक्टरांना विचारून वेळ सकाळची करून घेतली आणि म्हणलं, आज्जी ही अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे काढायची गोळी आहे, सकाळी चहा झाला की घ्या, दुपारपर्यंत तिचं काम उरकतं. त्या म्हणाल्या, "आसं आधी कुणी सांगितलंच न्हाई बाय."

ड्युटीला लागलात की अशा पेशंटचं वजन रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खायच्या आधी, एकाच काट्यावर घ्या, कारण एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी, नुसती सूज दाबून ते कळत नाही. पायात गोळे येतात, उठताना चक्कर येते असं कुणी म्हणालं तर बीपी बघा आणि लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला, पोटॅशियमचा रिपोर्ट कधीचा आहे ते पण सांगा.