वीस टनांची कॉइल कुठे जातेय?

कळंबोलीच्या लोखंड बाजारात लोडिंग सुपरवायझर म्हणून लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात ट्रेलरवर पोलादी पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, चढवताना एका ट्रेलरवाल्या काकांना म्हणालो, "वीस टनांची कॉइल आहे, ती कुठे जातेय?" काका हसले. केबिनच्या मागच्या पत्र्याला पडलेला पोचा दाखवून म्हणाले, "साहेब, इथवर आली होती."

जड माल आपल्या वजनाने बसून राहतो, हा नवख्यांचा ठाम समज. हिशेब मांडून बघा. करकचून ब्रेक लागला की माल वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे झेपावतो, असं युरोपातलं लॅशिंगचं, म्हणजे माल बांधण्याचं, मानक धरतं. २० टनांना १६ टन. ट्रेलरच्या लाकडी फळीवर पोलादाचं घर्षण ०.४ धरलं तर ८ टन तिथेच अडले. उरलेले ८ टन?

"बेल्ट धरेल," असं मीही म्हणायचो. पण बेल्टवरचा ५ टनांचा आकडा तो तुटण्याचा असतो. मालावरून आडवा टाकलेला ५० मिमीचा बेल्ट हाताच्या रॅचेटने (बेल्ट ताणायच्या दांड्याने) ओढला, तर दोन्ही बाजू मिळून दाबतो जेमतेम ७०० किलोने. त्यातून घर्षण वाढतं २८० किलो. म्हणजे ८ टनांना २९ बेल्ट! आणि बेल्ट उभा न जाता फळीशी ३० अंशांत पसरला, की दाब निम्मा.

म्हणून कॉइल आधी अडवायची, मग बांधायची. खाली सॅडल, म्हणजे कॉइल बसवायची खाच असलेली बैठक, पुढे आणि मागे पाचर. मागची पाचर हमखास विसरली जाते, आणि घाट चढताना माल मागेच ओढ घेतो. मग कॉइलच्या डोळ्यातून, म्हणजे मधल्या भोकातून, १० मिमीची ग्रेड ८० (जास्त ताकदीच्या पोलादाची) चेन ओवून पुढे-मागे तिरकी ताणायची. चेन कडेवरून जाते तिथे गार्ड हवाच. पावसाळ्यात फळी ओली किंवा तेलकट असेल तर वरचा ०.४ विसरा, आधी पुसून घ्या, रबरी मॅट टाका.

सळ्यांचं वेगळं. त्या गाडीच्या बाहेर काढून नेण्यावर २०१४ पासून बंदी आहे. "थोड्याच बाहेर आहेत" म्हणणाऱ्या पार्टीशी वाद घालायची तयारी ठेवा.

माल रस्त्यावर हादरे खाऊन बसतो आणि चेन सैल पडते. चाकणच्या एका खेपेला मी सोबत गेलो होतो. बोरघाट लागण्याआधी खालापूरला उतरून टर्नबकल (चेन ताणायचा स्क्रू) फिरवला, तर अडीच फेरे आत गेला. कळंबोलीत तो मीच घट्ट केला होता.